'मफल' : ध्वनी दबवणाऱ्या एका इंग्रजी शब्दाचे अर्थ व उपयोग

प्रास्ताविक

पदवीच्या वर्गात 'मफल्ड क्राय' या शब्दप्रयोगाचा अर्थ विचारला असता 'मूक रुदन' असे उत्तर प्रस्तुत लेखकाला अनेकदा मिळाले आहे. 'मफल करणे म्हणजे आवाज बंद करणे' हा पाठ केलेला अर्थ त्यामागे असतो. वस्तुतः मूक रुदनाला आवाजच नसतो. 'मफल्ड' रुदन मात्र ऐकू येते. कोणीतरी रडत आहे आणि ते रडणे कशाने तरी झाकले गेले आहे, एवढे ऐकणाऱ्याला कळते. हा भेद निसटला तर उताऱ्याचा भावार्थच बदलतो. म्हणून या एका शब्दाचा विचार येथे केला आहे.

मूळ अर्थ

या शब्दाचे नाते जुन्या फ्रेंचमधील 'मूफ्ल', म्हणजे जाड हातमोजा, या शब्दाशी जोडले जाते. (आपल्या मैफलीशी त्याचा काहीही संबंध नाही.) इंग्रजीत त्याचा आधीचा अर्थ 'गुंडाळणे, पांघरणे' असा होता. ध्वनीचा अर्थ त्याला पुढे, अठराव्या शतकात चिकटला. गळ्याभोवती गुंडाळायचा तो 'मफलर', हे मराठी माणसाला सांगावयास नकोच. आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील 'मफल फर्नेस'चे नावही याच कुळातील आहे. या भट्टीत तापवावयाचा पदार्थ एका बंद कोठीत ठेवला जातो. त्यामुळे इंधनाचा व ज्वाळेचा त्याला प्रत्यक्ष स्पर्श होत नाही, उष्णता मात्र पोचते. आता या भट्ट्या विजेवर चालतात, तरी नाव टिकून आहे. मध्ये आवरण घालणे हा या शब्दाचा गाभा आहे, हे या उदाहरणावरून चांगले ध्यानात येते.

ध्वनीच्या संदर्भातील उपयोग

वल्ही जेथे होडीच्या काठाला घासतात तेथे चिंध्या गुंडाळल्या की होडी फारसा आवाज न करता जाते. अशी वल्ही 'मफल्ड' होत. इंग्लंडमध्ये युद्धात मरण पावलेल्यांच्या स्मृतिदिनी चर्चच्या घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात. एक टोला स्वच्छ उमटतो आणि दुसरा त्याच्या प्रतिध्वनीसारखा दबून येतो. लष्करी अंत्ययात्रेत ढोलावर काळे कापड चढवण्याची पद्धतही प्रसिद्ध आहे.

आवरणामुळे ध्वनीची केवळ तीव्रता कमी होत नाही, त्याचा पोतही बदलतो. कापड, गादी, भिंत यांतून उच्च वारंवारतेचे ध्वनी अधिक प्रमाणात अडतात व खालच्या पट्टीतील ध्वनी तुलनेने सहज पार होतात. मिरवणुकीतील ध्वनियंत्रणेचे गाणे बंद खोलीत कळत नाही, पण तिचे ठोके छातीत जाणवतात, ते यामुळेच. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी उच्च वारंवारतेवर अवलंबून असते. त्यामुळे दाराआडून बोलणारा कोण ते समजते, काय बोलतो ते समजत नाही. 2020 नंतर मुखपट्टी बांधून तास घेतलेल्या प्राध्यापकांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

'म्यूट' आणि 'डॅम्प' हे शब्द जवळचे असले तरी वेगळे आहेत. भ्रमणध्वनी 'म्यूट' केला की ऐकणाऱ्यापर्यंत काहीच पोचत नाही. 'डॅम्प' करणे म्हणजे कंपनच आवरणे. तबल्यावरील बंद बोलात हात चामड्यावर ठेवला जातो, तेथे हा शब्द योग्य ठरतो. 'डॅम्प'चा दुसरा अर्थ दमट असा आहे. कोल्हापूर परिसरातील हलगीवादक वाजवण्यापूर्वी हलगी शेकतात, कारण ओल धरलेले चामडे सैल पडते आणि आवाज 'बद्द' येतो. इंग्रजीतील या दोन अर्थांची गाठ आपल्या हलगीवर अशी अनायासे पडते!

वाहनाच्या बाबतीत अमेरिकी इंग्रजीत 'मफलर' म्हणतात, ब्रिटिश इंग्रजीत 'सायलेन्सर'. आपण दुसरा शब्द घेतला, कायद्यानेही तोच घेतला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 120 प्रत्येक मोटार वाहनाला 'सायलेन्सर' बंधनकारक करतो. मात्र तेथे अपेक्षा आहे ती आवाज व्यवहार्य मर्यादेपर्यंत कमी करण्याची, पूर्ण शांततेची नव्हे. म्हणजे नाव 'सायलेन्सर'चे आणि काम 'मफलर'चे. अर्थदृष्ट्या अमेरिकी शब्द अधिक प्रामाणिक आहे, असे आम्हांस वाटते.

मराठी पर्याय

'मफल'ला मराठीत एकच प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे. मराठी भाषा प्रत्येक प्रसंगाला निराळा शब्द देते. दबका आवाज, कोंदलेला आवाज, दाबलेला हुंदका, मुसमुसणे, तोंडात पदराचा बोळा कोंबून रडणे. शेवटच्या प्रयोगात तर आवरणच डोळ्यांसमोर उभे राहते. लाक्षणिक अर्थाने मात्र जपून वागावे. टीका 'मफल' केली याचे भाषांतर 'मुस्कटदाबी' केल्यास अर्थ फार पुढे जातो, कारण मुस्कटदाबीत बोलूच दिले जात नाही. तेथे 'टीकेचा सूर दबवला' म्हणणे पुरेसे आहे.

सर्वांत कठीण जागा लाँगफेलोच्या 1838 मधील 'अ साम ऑफ लाइफ' या कवितेत येते. तेथे माणसाच्या हृदयाला 'मफल्ड' ढोलाची उपमा दिली आहे. आपल्याकडे वृद्ध वारकऱ्याची अंत्ययात्रा टाळमृदंगाच्या गजरात निघते, वाद्यावर कापड कोणी चढवत नाही. त्यामुळे 'दबका ढोल' एवढे भाषांतर ऐकून विद्यार्थ्याला त्यातील शोक जाणवत नाही. काळ्या कापडात गुंडाळलेला ढोल आणि त्यामागून संथ पावलांनी चालणारे सैनिक आधी सांगावेत, मग ओळ वाचावी, असा आमचा अनुभव आहे.