खड्गदंतीचा लंगडा पाय

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात ला ब्रेआ नावाची डांबराची डबकी आहेत. हिमयुगात या चिकट डांबरात एखादे जनावर रुतले, की त्याला खायला आलेले शिकारी प्राणीही त्यात फसत. तिथे आजवर दोन हजारांहून अधिक खड्गदंती मार्जारांची हाडे मिळाली आहेत. त्यातल्या एकाचे कंबरेचे हाड आम्हा डॉक्टरांच्या विशेष ओळखीचे निघाले.

स्मिलोडॉन हे या प्राण्याचे शास्त्रीय नाव. आपण त्याला सवयीने वाघ म्हणतो, पण तो वाघाचा पूर्वज नव्हे. मार्जारकुळाची ही वेगळी शाखा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपली. आपल्या वऱ्हाडातला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे मांजरे जन्मण्याच्या कितीतरी आधीचा. त्यात ती हाडे मिळायची नाहीत. मात्र हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांत याच शाखेतील प्राण्यांचे जीवाश्म सापडले आहेत.

स्मिलोडॉनच्या सर्वांत मोठ्या जातीचा सुळा मुळासकट २८ सेंटीमीटरपर्यंत भरे. एवढा सुळा रुतवायचा, तर जबडा काटकोनाहूनही जास्त उघडावा लागे. पण चाव्याची ताकद सिंहाच्या जेमतेम एक तृतीयांश. शिवाय सुळे चपटे. सावजाने धडपड केली तर मोडण्याची भीती. म्हणून खरे हत्यार दात नव्हे, पुढचे पाय. ते अस्वलासारखे दणकट होते. दबा धरायचा, झेप घ्यायची, सावज खाली दाबून धरायचे आणि मगच गळ्यात सुळे घालायचे. या झटापटीत मागच्या पायांवर, खुब्यांवर मोठा ताण येई.

आणि नेमका त्या एका प्राण्याचा खुबाच बिघडलेला होता. पूर्वी तो मार लागल्याचा किंवा जंतुसंसर्गाचा परिणाम समजला जाई. २०२१ मध्ये सी.टी. स्कॅनच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितले, की दोष उपजत होता. मांडीच्या हाडाचा गोळा जिथे बसतो ती वाटी नीट घडलीच नव्हती. असा प्राणी बछडा असल्यापासून लंगडत असणार, तरी तो पूर्ण वाढला. कळपातल्या इतरांच्या शिकारीवर तो जगला असावा, असा अंदाज आहे.

हाच दोष माणसाच्या बाळातही आढळतो. मुलींमध्ये, पायाळू बाळांत आणि घरात कुणाला हा त्रास असल्यास त्याची शक्यता जास्त. लंगोट बदलताना एक मांडी नीट फाकत नाही, एक पाय आखूड वाटतो किंवा मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसतात, ही खूण. बाळाला दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. पहिल्या सहा महिन्यांत कळले, तर बहुतेकदा साध्या पट्ट्यांनी खुबा जागेवर बसतो. चालू लागल्यावर लंगडणे दिसले, तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

दुपट्यात बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. पाय दुमडायला, फाकवायला मोकळीक हवी. आजी नातवाला कडेवर घेते, ती बैठक खुब्याला चांगलीच. शंका आली तर लसीकरणाच्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाची तपासणी मोफत होते.

त्या बछड्याला लंगडत जगावे लागले. आपल्या बाळावर ती वेळ का यावी?