एआय एजंटच्या हाती दुकानाचा कॉम्प्युटर द्यायचा? आधी हे करा

ऑक्टोबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने क्लॉडला कॉम्प्युटर चालवायची सोय आणली. एजंट स्क्रीनचे फोटो बघतो, माउस हलवतो, टाइप करतो. म्हणजे उघडी असलेली उधारीची यादी, ग्राहकांचे नंबर त्यालाही दिसतात. शिवाय वेबपेजवर कोणी लपवलेली सूचना तो तुमचीच समजून पाळू शकतो.

पिपरी मेघे असो की पुणे, नवीन पोराला पहिल्याच दिवशी गल्ल्याची चावी आपण देत नाही. तसंच इथेही:

1. विंडोजमध्ये त्याच्यासाठी वेगळं स्टँडर्ड खातं काढा.
2. त्यात बँकेचे, जीएसटीचे पासवर्ड सेव्ह नकोत.
3. फाइलची कॉपीच द्या. बॅकअपचा पेनड्राइव्ह काढून ठेवा.
4. रेट लिस्ट त्याला बनवू द्या, पेमेंट आणि ओटीपी मात्र आपल्याच हातात.

आणि सुरुवातीला समोर बसूनच काम करून घ्या.