वॉर्ड भरतो तेव्हा उशीर झालेला असतो

२०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये छत्तीसगडमधल्या भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली. पोलाद कारखान्याचं सेक्टर-९ मधलं जवाहरलाल नेहरू रुग्णालय, दुर्गचं जिल्हा रुग्णालय, खासगी दवाखाने, सगळीकडे तापाचे रुग्ण. खुर्सीपारसारख्या दाट कामगारवस्त्यांना जबर फटका बसला, माणसंही दगावली. मग नेहमीप्रमाणे गल्ल्यांतून धुराची यंत्रं फिरू लागली.

पण वॉर्डातली गर्दी ही आजची बातमी नसते. साठलेल्या पाण्यातल्या अंड्यापासून उडणारा एडिस डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्याने डेंग्यूच्या रुग्णाचं रक्त प्यालं, तरी विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस जातात. तो चावल्यावर ताप यायला आणखी ४ ते १० दिवस, आणि घरच्या गोळ्या घेऊन झाल्यावर भरती व्हायला तीन-चार दिवस. हिशेब केला तर आज भरलेली खाट तीन ते पाच आठवड्यांपूर्वीच्या पाण्याची गोष्ट सांगते. धुराने उडते डास मरतात, टाकीतल्या अळ्या तशाच राहतात. धूर दिसतो म्हणून लोकांना बरं वाटतं, एवढाच त्याचा मोठा गुण!

खुद्द वॉर्डातही साखळी चालू राहू शकते. ताप आल्यापासून साधारण पाच दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो, आणि एडिस दिवसा चावतो. म्हणून डेंग्यूच्या रुग्णाला भरदिवसा मच्छरदाणीत ठेवतात. नातेवाइकांना ते विचित्र वाटतं. त्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असतं. खरा धोका मात्र ताप उतरताना, चौथ्या ते सातव्या दिवशी असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त घट्ट होतं, पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत. ‘ताप गेला, आता घरी नेऊ’ असं घरचे म्हणतात, नेमकं तेव्हाच. छत्तीसगड आणि विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. तो आजार असलेल्या माणसाला डेंग्यू अधिक जड जातो, त्याने ताप येताच दवाखाना गाठावा. अशा तापात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन कोणीच घेऊ नये.

पावसाळी ताप प्रत्येक वेळी डेंग्यूच असतो असंही नाही. मलेरिया, टायफॉइड, स्क्रब टायफस त्याच खाटांवर येतात. स्क्रब टायफसमध्ये काखेत किंवा जांघेत काळा खपलीसारखा डाग सापडला, तर निदान सोपं होतं आणि डॉक्सिसायक्लिनने रुग्ण लवकर सावरतो.

आता पुन्हा त्या साठलेल्या पाण्याकडे. भिलाईहून गोंदिया, नागपूरपर्यंत घरोघरी कूलर आहेत. एडिसची अंडी कूलरच्या टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. कूलर चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, कडा घासणीने खरवडा आणि वाळवा. मोसम संपल्यावर कूलर माळ्यावर टाकण्यापूर्वीही हेच करा.