डोळा लाल झाला म्हणजे मदत आली?

ज्यांचा भाग ऐकायचा राहिला, किंवा लोकलमध्ये चढल्यावर इअरफोन घरी विसरल्याचं लक्षात आलं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे, म्हणजे' जरा कमी केलेत.

तर आजचा भाग माझ्याच उजव्या डोळ्यावर आहे.

झालं असं, की भिवंडीहून स्कूटीवर परत येत होते. कशेळीचा पूल ओलांडला, बाळकुम नाका जवळ आला, उकाडा होता म्हणून हेल्मेटची काच वर केली. आणि फट्‌कन डोळ्यात काहीतरी गेलं. धूळ की खडीचा कण, देव जाणे. मी काय केलं? आपण सगळे जे करतो तेच. डोळा चोळला. चांगला खसाखसा चोळला.

रात्री डोळा लालभडक. पाणी थांबेना, दिव्याकडे बघवेना. शेजारचे काका आले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची ड्रॉपची बाटली फ्रिजमध्ये होती. "अगं, घाल दोन थेंब, सकाळपर्यंत लाली जाते बघ." मी घातले.

सकाळी लाली खरंच कमी! मी खूश. पण टोचणं तसंच, आणि खिडकीतला उजेड तर सहनच होईना. मग गेले डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मॅडमनी डोळ्यात पिवळा-केशरी रंग घातला, निळा दिवा टाकला आणि म्हणाल्या, "हा बघ, हिरवा चमकतोय तो ओरखडा. आता सांग, कोणते ड्रॉप घातलेस?"

बाटलीचा फोटो दाखवला. त्यात स्टेरॉइड होतं.

"म्हणजे तू मदतीला आलेल्यांनाच अडवलंस," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य डोक्यातून जाईना. कोण मदतीला आलं होतं? कुठून? त्यासाठी मी बरंच वाचलं, आणि तेच आज सांगतेय.

रक्त नसलेली काच

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तो कॉर्निया. पाठ्यपुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. सगळ्यात वर पेशींचे ५ ते ७ थर असतात आणि ते साधारण ७ ते १० दिवसांत नवे होत राहतात.

या काचेत रक्तवाहिन्या नसतात. एकही नाही. असत्या तर आपल्याला आरपार दिसलंच नसतं. तिला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत मिळतो. नसांची टोकं मात्र खच्चून भरलेली, म्हणून एवढासा कण गेला तरी जीव जातो.

आता बोट कापलं की काय होतं? रक्त येतं, गुठळी होते, खपली धरते. इथे रक्तच नाही. मग जखम भरते कशी?

गाडी नाक्यावर, माणसं आत

बाळकुममध्ये अग्निशमन केंद्र आहे, आमच्याकडच्या लोकांना माहीत आहे. समजा जुन्या गावठाणातल्या बोळात आग लागली. गाडी आत शिरत नाही. मग ती नाक्यावर थांबते आणि माणसं पाइप घेऊन पायी आत जातात. डोळ्यात अगदी हेच होतं.

डोळ्याचा नाका म्हणजे काळा भाग आणि पांढरा भाग जिथे भेटतात ती गोल कड. तिला लिंबस म्हणतात. रक्तवाहिन्या तिथपर्यंत येतात आणि थांबतात. ओरखडा पडला की दुखावलेल्या पेशी रासायनिक हाका मारतात. कडेच्या वाहिन्या फुगतात. तुम्हाला आरशात जी लाली दिसते ना, तिचा मोठा भाग हाच.

मग पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल नावाच्या, वाहिनीच्या भिंतीला चिकटत चिकटत वेग कमी करतात, भिंतीतून बाहेर सरकतात आणि काचेच्या तंतूंमधून वाट काढत जखमेपर्यंत चालत जातात. त्यांच्याबरोबर नाक्यावर प्लेटलेट्सही जमतात. हो, डेंग्यूत ज्यांचा आकडा आपण रोज विचारतो त्याच!

मला वाटायचं, या पेशी फक्त जंतू मारायला येतात. पण ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या कॉर्नियावर बारीक ओरखडे पाडून पाहिलं. २००६ साली त्यांनी दाखवलं, की प्लेटलेट्स कमी केल्या तर न्यूट्रोफिलही कमी पोचतात आणि जखम उशिरा भरते. नाक्यावर आधीपासून बसलेल्या काही टी-पेशीही असतात. पहिली शिट्टी वाजवण्यात त्यांचा हात असतो. त्या नसतील तर पुढची सगळी साखळी ढिली पडते. तुटलेल्या बारीक नसा पुन्हा वाढायलाही या गर्दीची मदत होते. प्रयोग उंदरांवरचे आहेत हे खरं, पण रक्ताच्या पेशी दुरुस्तीतही हात लावतात हे त्यातून कळलं.

अर्थात काच सांधतात ती तिथल्याच पेशी. जखमेच्या काठच्या पेशी सरकत सरकत खड्डा झाकतात, आणि मागून नवा माल नाक्यावरून येतो, कारण कॉर्नियाच्या स्टेम सेलही तिथेच राहतात.

पाहुणे परत गेले पाहिजेत

पण आग विझल्यावरही पाइप चालूच ठेवला तर घराचं काय होईल? न्यूट्रोफिलकडे जंतू मारायची जी रसायनं असतात, ती कॉर्नियाचे तंतूही विरघळवू शकतात. गर्दी रेंगाळली की डाग राहतो. आपल्याकडे म्हणतात ना, 'डोळ्यात फूल पडलं', तसं. म्हणून काही आजारांत डॉक्टर मुद्दाम स्टेरॉइड देतात, मोजून, डोळा तपासत तपासत. औषध वाईट नाही. माझी चूक ही, की ताज्या ओरखड्यावर न तपासता घातलं.

आणि मी सुटले. शेतात उसाचं पान किंवा काडी लागून बुरशी शिरते, तेव्हा असेच उरलेले थेंब घातले तर लाली कमी दिसते आणि बुरशी आतल्या आत पसरते. त्यात दृष्टी जाऊ शकते.

चुन्याची गोष्ट

तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलं दाबतात, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. चुना आत मुरतो आणि नाकाच जाळतो. स्टेम सेल मेल्या की पांढऱ्या भागाची कातडी रक्तवाहिन्यांसकट काचेवर चढते. रक्त आलं, पण नको तिथे कायमचं राहायला आलं.

जगातलं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण एडुआर्ड झिर्म यांनी डिसेंबर १९०५ मध्ये, आजच्या चेकियातल्या ओलोमोउत्स इथे केलं. तो रुग्णही मजूर होता आणि त्याचे डोळे चुन्यानेच गेले होते. कॉर्नियात रक्त नसल्यामुळे दुसऱ्याची काच शरीर बऱ्यापैकी सहन करतं. वाहिन्या शिरल्या असतील तर मात्र नाकारण्याचा धोका वाढतो.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये एक सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि वारेच्या पातळ पडद्यावर ठेवून जखमी डोळ्यावर लावायचे. नवा नाका तिथेच उगवतो.

आणखी एक भारी गोष्ट. जखम भरतच नसेल तर रुग्णाच्याच रक्तातला सीरम काढून, पातळ करून, त्याचे थेंब डोळ्यात घालतात. लाल पेशी बाजूला, वाढीला मदत करणारी द्रव्यं आत. हे हॉस्पिटलमध्ये निर्जंतुक करूनच होतं हं, घरी प्रयोग नको!

मग करायचं काय?

कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. रुतलेला कण काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढू नका. ग्राइंडरवर काम करणाऱ्या मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी, आणि गॉगल लावा. चुना गेला तर आधी नळाखाली डोळा, किमान १५ ते ३० मिनिटं, आणि मग थेट हॉस्पिटल. दुखणं, उजेड न सोसणं, अंधुक दिसणं किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लाली कमी झाली म्हणून थांबू नका. मी थांबले असते, हे विसरू नका.

माझा ओरखडा चार दिवसांत भरला. काकांना सगळं सांगितलं. ते गप्प उठले, फ्रिज उघडला आणि बाटली कचऱ्यात टाकली. म्हणाले, "आणखी एक होती, ती मेहुण्याला दिलीय. थांब, फोन करतो."

तुमच्या फ्रिजमध्येही बघा एकदा. भेटू पुढच्या भागात!