ताटलीत उरलं काय?

दोस्तांनो, एक गंमत करून पाहा. तेल्हाऱ्याकडच्या एखाद्या विहिरीचं खारं पाणी स्टीलच्या ताटलीत घ्या, दुसऱ्या ताटलीत पावसाचं पाणी घ्या आणि दोन्ही उन्हात सुकू द्या. पावसाच्या ताटलीत जवळजवळ काहीच उरणार नाही. विहिरीच्या ताटलीत मात्र पांढरा थर बसेल!

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा आपला खारपाणपट्टा. याच पट्ट्यातल्या तेल्हाऱ्याला प्यायचं पाणी म्हणूनच सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून आणावं लागतं.

मग तो पांढरा थर म्हणजे मीठ का? मीठ आहेच, पण एकटं नाही. या पाण्यात सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम यांची क्लोराइडं, सल्फेटं, बायकार्बोनेटं असतात. हे सगळे क्षार. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार तयार होतो. हायड्रोक्लोरिक आम्ल कातडी भाजतं, कॉस्टिक सोडाही भाजतो, आणि दोघांच्या अभिक्रियेतून निघतं काय, तर पाणी आणि आपण वरणात घालतो ते मीठ! मला तर याचं अजूनही नवल वाटतं.

मिठाच्या आत डोकावू. सोडिअमनं एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला, तो झाला धन आयन. क्लोरीननं तो घेतला, तो झाला ऋण आयन. विरुद्ध प्रभार एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. असं बनतं आयनिक संयुग. तुमच्या पुस्तकातले क्षार असेच आयनांचे बनलेले असतात. पण उलटं म्हणाल तर फसाल. चुन्याची कळी, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, आयनिक आहे, तरी तिला क्षार म्हणत नाहीत. कॉस्टिक सोडाही आयनिकच, पण तो आम्लारी.

पाण्यात क्षार विरघळले की आयन सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. म्हणून पाणी किती खारं आहे, हे त्यातून वीज किती सहज वाहते यावरून मोजता येतं. चव घ्यायची गरजच नाही!

हेच सोडिअमचे आयन काळ्या मातीच्या कणांना चिकटले की माती ओली असताना चिखलासारखी बसते, पाणी खाली मुरत नाही, पिकाची मुळं गुदमरतात. अशा जमिनीत जिप्सम टाकतात. त्यातले कॅल्शिअमचे आयन सोडिअमला हटवून त्याची जागा घेतात, माती पुन्हा मोकळी होते आणि सुटलेलं सोडिअम पावसाच्या पाण्याबरोबर निचरून जातं. आता सांगा, हे जिप्सम म्हणजे काय? कॅल्शिअम सल्फेट. तोही एक क्षारच!