घास अडकतो तेव्हा...

आमच्या गल्लीतल्या काकू भाकरी चहात बुडवून खायला लागल्या, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. ‘दात राहिले नाहीत गं,’ म्हणायच्या. मग भाकरी सुटली, मऊ भात आला. भातही अडकायला लागला, तेव्हा मीच हट्टानं त्यांना जिल्ह्याच्या गावी नेलं. तोंडातून दुर्बीण घालून तपासलं, तुकडा तपासायला पाठवला. अन्ननलिकेचा कॅन्सर! काकू चाळीस वर्षं मिश्री लावत होत्या.

आधी केमो आणि शेक झाले. मग ऑपरेशनची वेळ आली. मुलगा धास्तावला. ‘वहिनी, डॉक्टर दुर्बिणीनं करू म्हणतात. एवढ्याशा भोकातून सगळी गाठ निघेल का हो?’ मी काही डॉक्टर नाही, पण विचारायला लाज कसली? सर्जनसाहेबांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

यात रोगट अन्ननलिका काढतात, जठराचीच नळी करून वर ओढतात आणि छातीत किंवा मानेत जोडतात. जुन्या पद्धतीत पोट आणि छाती दोन्ही उघडायची. फासळ्यांमधली जखम इतकी दुखते, की पेशंटला धड खोकताही येत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो.

दुर्बिणीच्या पद्धतीत लहान छिद्रांतून काम होतं. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं 115 रुग्णांवर झालेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या पद्धतीत 29 टक्क्यांना, तर दुर्बिणीत 9 टक्क्यांना झाला. तीन वर्षांनी पाहिलं, तर जगण्याच्या बाबतीत दुर्बीण कमी पडली नव्हती.

मधला मार्गही आहे. पोटाचं काम दुर्बिणीनं, छातीचं उघडून. फ्रान्समधल्या 207 रुग्णांच्या अभ्यासात (2019) अशानं मोठी गुंतागुंत 64 वरून 36 टक्क्यांवर आली. आणि रोबोट? चीनमध्ये साडेतीनशेहून अधिक रुग्णांवर तुलना झाली (2022). रोबोटनं वेळ वाचला, पण गुंतागुंत साध्या दुर्बिणीइतकीच राहिली. म्हणजे रोबोटसाठी घर गहाण टाकायची गरज नाही!

मैत्रिणींनो, यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. म्हणून विचारा: अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? मध्येच उघडावं लागलं तर? माझ्या पेशंटला कुठली पद्धत, आणि का? सरकारी योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

काकूंचं दुर्बिणीनं झालं. आता थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातात. रात्री उशा उंच करून झोपतात. परवा म्हणाल्या, ‘तेव्हाच सांगितलं असतं तर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या सुनेनं मात्र आपली मिश्रीची डबी त्याच दिवशी उकिरड्यावर फेकली.

तुमच्या घरात कुणी भाकरी बुडवून खायला लागलंय का? दातांवर ढकलू नका. आधी तपासा.