विश्लेषण : कोणत्या वावरात कोणते पीक, हे अ‍ॅप ठरवू शकते का?

पीक फेरपालट करा, माती वाचवा, हा सल्ला कृषी विद्यापीठे कित्येक वर्षे देत आहेत. आता तोच सल्ला मोबाइलच्या पडद्यावर नकाशा, आलेख आणि पुढील तीन-चार हंगामांच्या वेळापत्रकासह मिळू लागला आहे. शेती व्यवस्थापनाची ही सॉफ्टवेअर नेमके काय मोजतात आणि महाराष्ट्रातील दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतीत त्यांचा हिशेब कुठे अडतो?

ही सॉफ्टवेअर करतात काय?

शेतकरी नकाशावर बोट फिरवून आपल्या शेताचे तुकडे आखतो. प्रत्येक तुकड्यात मागील हंगामांत काय पेरले, किती खत घातले, उतारा किती मिळाला, रोग कोणता आला हे भरतो. त्यावरून पुढील हंगामांचे पर्याय पुढे येतात. त्यामागचे नियम साधे आहेत. एकाच कुळातील पीक त्याच तुकड्यात लगेच घेऊ नये, उथळ मुळांच्या पिकानंतर खोल मुळांचे पीक घ्यावे, जास्त पाणी आणि जास्त अन्नद्रव्ये ओढणारी पिके पाठोपाठ नकोत. ‘फार्मओएस’सारखे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मुख्यतः नोंदवही म्हणून चालते. काही खासगी अ‍ॅप उपग्रह छायाचित्रे, हवामान अंदाज आणि सल्ला यांची जोड देतात. नियम लक्षात ठेवायला संगणक लागत नाही. मात्र पाच तुकड्यांचा पाच वर्षांचा इतिहास डोक्यात ठेवणे अवघड असते, आणि सॉफ्टवेअरचा खरा उपयोग तिथे आहे.

इतिहास इतका महत्त्वाचा का?

हरभऱ्याच्या मर रोगाचे उदाहरण घ्या. या रोगाची बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकते. ओढ्याकाठच्या तुकड्यात चार वर्षांपूर्वी मर आली होती, हे ज्याच्या नोंदीत आहे तो तिथे प्रतिकारक वाण निवडेल किंवा ज्वारी घेईल. ज्याच्या नोंदीत नाही, तो बियाण्याला दोष देईल.

दुसरे उदाहरण त्याहून व्यापक आहे. राज्यात सोयाबीनचे क्षेत्र ५० लाख हेक्टरच्या आसपास आहे. विदर्भ-मराठवाड्यात खरिपात सोयाबीन आणि पाणी असेल तर रब्बीत हरभरा, हे चक्र वर्षानुवर्षे त्याच वावरात चालते. दोन पिके होतात म्हणून ती फेरपालट वाटते. कुळाचा नियम लावणारे सॉफ्टवेअर मात्र इथे लाल खूण दाखवते, कारण दोन्ही पिके द्विदल आहेत. मूळकूज आणि खोडकूज घडवणारी स्क्लेरोशियम ही बुरशी दोघांवरही जगते. द्विदल पीक जमिनीला नत्र देते हे खरे असले तरी सोयाबीनच्या दाण्यातून बरेच नत्र बाजारातही जाते, ही बाजू गावात क्वचित बोलली जाते.

माती वाचवण्याचे गणित कसे मांडतात?

बहुतेक सॉफ्टवेअर अमेरिकेतील विशमायर आणि स्मिथ यांच्या समीकरणाचा किंवा त्याच्या सुधारित रूपाचा आधार घेतात. पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संवर्धनाची पद्धत यांचा गुणाकार केला की दर हेक्टरी वर्षाला किती टन माती वाहून जाईल याचा अंदाज निघतो. पाऊस आणि माती शेतकऱ्याच्या हातात नाहीत. उताराची लांबी बांध घालून तोडता येते. आच्छादन आणि पद्धत मात्र दर हंगामाला बदलता येते, म्हणूनच पीक फेरपालट आणि मृदा संवर्धन हे एकाच नियोजनाचे भाग ठरतात. अमेरिकेत १९८५ च्या शेती कायद्यानुसार जास्त धूप होणाऱ्या जमिनीवर संवर्धन आराखडा पाळल्याशिवाय सरकारी लाभ मिळत नाहीत. तिथे हे गणित थेट अनुदानाशी जोडलेले आहे.

भारतासाठी १९८३ मध्ये मांडलेला आणि आजही दिला जाणारा अंदाज दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांहून थोडा अधिक मातीचा आहे. हेक्टरभर शेतातील एक मिलिमीटर जाडीचा थर साधारण १३ टन भरतो. म्हणजे वर्षाला मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त थर जातो. डोळ्यांना तो दिसत नाही, आणि म्हणूनच आकडा पडद्यावर दिसण्याला अर्थ आहे.

सोलापूर, अहिल्यानगर भागातील रब्बी ज्वारीचे शेत या समीकरणात घालून पाहावे. जमीन नांगरून खरीपभर पड ठेवली की पावसाचा सगळा मारा उघड्या मातीवर येतो आणि आच्छादनाचा घटक सर्वात वाईट पातळीला जातो. मग मूग किंवा उडीद घेऊन माती झाकावी का? झाकली जाईल, पण हलक्या जमिनीत तोच मूग ज्वारीसाठी साठवायची ओल पिऊन टाकेल. जमिनीची खोली किती, यावर उत्तर ठरते. सॉफ्टवेअरला ती खोली कुणीतरी खड्डा घेऊन सांगावी लागते.

मग आकडे कुठून येतात?

मोठी अडचण इथे आहे. मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ बाबी असतात. मात्र पहिल्या फेऱ्यांमध्ये नमुने बागायतीत अडीच हेक्टरच्या आणि कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकटीतून घेतले गेले. राज्यातील सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. अशा एका चौकटीत सात-आठ शेतकऱ्यांची वावरे बसतात. त्या पत्रिकेवरचा सेंद्रिय कर्ब अ‍ॅपमध्ये भरला तर कदाचित शेजाऱ्याच्या मातीचा सल्ला मिळेल. स्वतःच्या तुकड्याचा नमुना वेगळा तपासून घेतला तर हा प्रश्न सुटतो.

उपग्रहाचेही तसेच. मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल-२ च्या छायाचित्रात एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे जवळपास एक गुंठा. २० गुंठ्यांच्या तुकड्यात असे २० ठिपके बसतात आणि त्यातले बांधालगतचे शेजारच्या पिकात मिसळतात. शिवाय खरिपात, गरज असते तेव्हाच, ढग आडवे येतात. उतार काढण्यासाठी सहज मिळणारी उंचीची माहिती बहुधा ३० मीटरच्या ठिपक्यांची असते. तीत शेतातला बांध दिसत नाही.

हीच माहिती गावाच्या पातळीवर मात्र कामाची ठरते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत विकसित झाली. पडलेला पाऊस, वाहून गेलेले पाणी, मातीतील ओल आणि पिकांची गरज यांचा हिशेब शिवाराच्या विभागांप्रमाणे निघतो. त्यावरून बांधबंदिस्ती कुठे हवी आणि रब्बीचे क्षेत्र किती असावे, ही चर्चा गावकऱ्यांना आकड्यांवर करता येते.

सरकारी नोंदी वापरता येतील का?

गाव नमुना १२ हा मुळात पीक इतिहासच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून छायाचित्रासह पिकाची नोंद करतो. पण सातबाऱ्यावर गटातील पिकाचे क्षेत्र उमटते. चार एकरांच्या गटात कपाशी वरच्या अंगाला होती की ओढ्याच्या बाजूला, हे त्यावरून कळत नाही. फेरपालटीसाठी तेवढेच हवे असते. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ अ‍ॅप आणले, महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले. सल्ल्याची यंत्रणा उभी राहत आहे, तुकडानिहाय नोंद मात्र शेतकऱ्यालाच ठेवावी लागेल. ते अशक्य नाही. निर्यातक्षम द्राक्षबागांची प्लॉटनिहाय नोंदणी ‘ग्रेपनेट’वर २००६ पासून होते. तिथे नोंदीमागे युरोपचा बाजार आणि चांगला दर होता. सोयाबीनच्या नोंदीला असा दर कोणी देत नाही.

सल्ला पटला तरी पाळला जाईल?

हरभऱ्याऐवजी करडई घ्या, असे सॉफ्टवेअर सुचवेल. करडईचे सोटमूळ खोल जाते, काट्यांमुळे जनावरेही फारशी फिरकत नाहीत. पण त्याच काट्यांमुळे काढणीला मजूर नाखूष असतात. ज्वारीत कडबा मिळतो, पण पाखरे राखावी लागतात आणि काढणी जिकिरीची. हरभऱ्याला ओळखीचा बाजार आहे. हे खर्च अ‍ॅपमध्ये भरले नाहीत तर त्याची शिफारस कागदावरच राहते.

जमीन बटईने किंवा ठोक्याने घेतली असेल तर गोष्ट आणखी कठीण. वर्षाच्या कराराने शेती करणारा माणूस चौथ्या वर्षीच्या मातीसाठी आज कमी पैशाचे पीक का घेईल? भाव पडल्यावर तर मालकही हाच विचार करतो. सोयाबीनला २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपये हमीभाव होता, पण अनेक बाजार समित्यांत दर त्याखालीच राहिले. तरीही पुढच्या खरिपात सोयाबीन मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले, कारण यंत्राने काढता येणारे आणि लवकर रान मोकळे करणारे दुसरे पीक चटकन सापडत नाही.

अ‍ॅप घेताना काय पाहावे?

तुकडे गट क्रमांकाप्रमाणे न आखता माती आणि उताराप्रमाणे आखता येतात का, हे आधी तपासावे. गटात माळरान आणि काळी रानपट्टी दोन्ही असतील तर ते दोन तुकडे. आंतरपीक नोंदवता यावे. सोयाबीन-तूर ४:२ असे भरता आले नाही तर नोंद चुकीचीच होईल. नेटवर्क नसताना बांधावर नोंद करता यावी आणि मराठीत लिहिता यावे.

आणि सर्व नोंदी एक्सेलसारख्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. कंपनी बंद पडली किंवा वर्गणी थांबली तर फेरपालटीचा पाच वर्षांचा इतिहास त्यांच्या सर्व्हरवर अडकतो. ज्या अ‍ॅपमधून तो निघत नाही, त्यापेक्षा तुकड्यांचा हाताने काढलेला नकाशा चिकटवलेली २०० पानी वही बरी.